हंडी त्यांची, हप्ता कोणाचा? उपनगरांतील उत्सव, विमा आणि जबाबदारीचा इतिहास

१/
२०२३ च्या दहीहंडीपूर्वी महाराष्ट्र शासनाने ५०,००० गोविंदांचा विमा उतरवला. दर माणशी हप्ता ७५ रुपये, एकूण खर्च ३७ लाख ५० हजार रुपये, विमा ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीचा. पुढील वर्षी ही संख्या ७५,००० झाली आणि २०२५ मध्ये दीड लाखावर गेली. या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. त्या स्वागतात एक प्रश्न मात्र मागे राहिला. हंडी बांधणारा आयोजक, बक्षीस जाहीर करणारा तोच, चौकाचौकांतल्या फलकांवर छबीही त्याचीच. मग थरावरून कोसळणाऱ्या मुलाच्या विम्याचा हप्ता करदात्याच्या खिशातून का जावा? या प्रश्नाला विम्याच्या आणि मुंबईच्या इतिहासात उत्तर आहे.

२/
आधी या पॉलिसीत काय होते ते पाहू. मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास १० लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गमावल्यास ५ लाख. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख. रुग्णालयाचा खर्च कमाल १ लाखापर्यंत. अलीकडच्या वर्षांत दहीहंडीच्या एका दिवसात मुंबईत जखमी होणाऱ्यांची संख्या सहज शंभरावर जाते. त्यांतले बहुतेक हात, पाय, खांदा किंवा मणका दुखावलेले असतात. अशा तरुणाला दोन-तीन महिने कामावर जाता येत नाही. त्या बुडालेल्या पगाराचा या यादीत उल्लेख नाही.

३/
ही व्यवस्था एका घोषणेतून आली. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा देत असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत सांगितले. अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचे सानुग्रह साहाय्यही जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी दहीहंडी होती. त्या दिवशी विलेपार्ले येथे थरावरून पडलेला एक विशीतला तरुण काही दिवसांनी रुग्णालयात दगावला आणि आयोजकावर हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. शासनाचे साहाय्य आणि आयोजकाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका घटनेतच दिसत होते. पुढील तीन वर्षांत पहिली गोष्ट वाढत गेली. दुसरी आहे तिथेच राहिली.

४/
समारंभाचा विमा हा एकच विमा नसतो. त्याचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला वस्तूंचा: मंडप, दागिने, ध्वनियंत्रणा. दुसरा समारंभ रद्द होण्याचा: पाऊस, साथ किंवा मुख्य कलाकाराचे आजारपण. तिसरा आपल्या माणसांचा: स्वयंसेवक, स्वयंपाकी, वादक, गोविंदा. चौथा परक्यांचा: आयोजकाच्या चुकीमुळे पाहुण्याला, प्रेक्षकाला किंवा वाटसरूला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा. या चौथ्याला सार्वजनिक दायित्व विमा म्हणतात. पहिल्या तिन्हींत विमा घेणारा आपले जे आहे ते राखतो. चौथ्यात तो दुसऱ्याचे देणे मान्य करतो. म्हणूनच चौथा प्रकार आपखुशीने क्वचितच घेतला जातो.

५/
याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचे. २०२५ मध्ये या मंडळाने न्यू इंडिया अश्युरन्सकडून ४७४.४६ कोटींचा विमा घेतला तेव्हा ‘बाप्पांचा ४७४ कोटींचा विमा’ असे मथळे झळकले. आकड्यांची फोड वेगळेच सांगते. सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी ६७.०३ कोटी. स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशा माणसांच्या अपघात विम्यासाठी ३७५ कोटी. आग, भूकंप यांसाठी २ कोटी आणि जागेसाठी ४३ लाख. सार्वजनिक दायित्वासाठी ३० कोटी. म्हणजे जवळपास ७९ टक्के रक्कम दागिन्यांची नव्हे, राबणाऱ्या माणसांची आहे. मंडळाची ही शिस्त अनुकरणीय आहे.

६/
तरीही याच फोडीत दुसरी बाजू दिसते. इतक्या काटेकोर मंडळाच्या विम्यातही, दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठीचा भाग एकूण रकमेच्या ६ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२२ मध्ये एकूण विमा ३१६.४० कोटींचा होता आणि त्यात सार्वजनिक दायित्वाचा वाटा २० कोटींचा होता. जे मंडळ सर्वाधिक काळजी घेते तिथे हे प्रमाण आहे. बोरिवलीचा तिकीट लावलेला गरबा, घाटकोपरची लाखोंच्या बक्षिसाची हंडी, मुलुंडच्या सभागृहातला पाचशे पानांचा विवाहसोहळा किंवा अंधेरीच्या गच्चीवरची नववर्षाची मेजवानी यांच्या आयोजकांना असा विमा घेण्याची सर्वसाधारण सक्तीच नाही.

७/
अपघात विम्याचा जन्मच गर्दीतून झाला. इंग्लंडमध्ये रेल्वे धावू लागली तेव्हा अनोळखी माणसे प्रथमच एका यंत्राच्या भरवशावर एकत्र बसू लागली. १८४८ मध्ये तिथे रेल्वे पॅसेंजर्स अश्युरन्स कंपनी स्थापन झाली आणि प्रवासाच्या तिकिटाबरोबर काही पेन्सांत अपघाताचा विमा मिळू लागला. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती आजच्या घाटकोपर आणि मुलुंडच्या शिवारांतूनच. त्या काळी ही गावे साष्टी बेटावरची भातशेतीची गावे होती. अनोळखी गर्दी आणि तिच्यासोबत येणारी जोखीम यांचा विचार करावा लागेल, असे तिथे काहीच नव्हते.

८/
मुंबई शहर मात्र विम्याला लवकर सरावले. १८७० च्या दशकात बॉम्बे म्युच्युअल आणि ओरिएंटल या आयुर्विमा संस्था येथे उभ्या राहिल्या. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी न्यू इंडिया अश्युरन्सची स्थापना केली. गोविंदांचा विमा उतरवणारी ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीही सप्टेंबर १९४७ मध्ये मुंबईतच नोंदवली गेली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. कापसाच्या गाठी, जहाजे, गोदामे, गिरण्या आणि नोकरदारांचे आयुष्य यांचा विमा उतरवण्याची सवय या शहराला फार जुनी आहे. सण मात्र त्या हिशेबाबाहेर राहिला.

९/
त्याला कारण होते. चाळीतला गोपाळकाला हा वाडीतल्या माणसांचा खेळ होता. हंडी पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या उंचीला बांधलेली, थर तीन-चार, वरून ओतले जाणारे पाणी शेजाऱ्यांच्याच हातचे. पडणारा आणि बांधणारा एकमेकांना ओळखत. कोणाचा हात मोडलाच तर वर्गणी निघे, डबा पोहोचे, भिशीतली उचल पुढे-मागे केली जाई. या व्यवस्थेचे फार गोडवे गाऊ नयेत. ती अपुरी होती, तिला नियम नव्हता आणि वाडीत ज्याची पत कमी त्याच्या वाट्याला मदतही कमीच येई. पण जोखीम घेणारे आणि तिचा भार वाहणारे लोक तेच होते, एवढे खरे.

१०/
मग शहर उत्तरेकडे सरकले. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गिरगाव, लालबाग, परळची मराठी कुटुंबे बोरिवली, मुलुंड आणि त्याही पलीकडे राहायला गेली; जाताना उत्सव घेऊन गेली. अंधेरीच्या आझादनगरचा गणपती १९६६ चा, त्याची सुरुवात परिसरातल्या कारखान्यांच्या कामगारांनी केली. उपनगरांत रुंद रस्ते होते, मोकळी मैदाने होती आणि नव्याने घडणारे राजकीय मतदारसंघही होते. वाडीच्या अंगणात न मावणारा उत्सव येथे सहज मावला.

११/
मैदानाबरोबर बक्षीस आले आणि बक्षिसाने खेळाचे रूप पालटले. हंडीच्या उंचीवर आणि थरांच्या संख्येवर लाखो रुपये लावले जाऊ लागले. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात ४३.७९ फुटांचा मनोरा रचून गिनीज विक्रम नोंदवला. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने, तेही ठाण्यात, दहा थर लावले. हे कौशल्य असामान्य आहे. महिनोन्महिने सराव करणारी, बहुतेक कष्टकरी घरांतली ही मुले जगातल्या कोणत्याही मानवी मनोऱ्यांच्या परंपरेशी बरोबरी करतात. त्यांच्या कौशल्यावर होणाऱ्या सोहळ्यात त्यांच्याच जिवाचा हिशेब सर्वांत शेवटी मांडला जातो, हे म्हणूनच अधिक खटकते.

१२/
न्यायालयांनी या प्रश्नाला उंची आणि वय या दोन मापांनी हात घातला. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि मनोऱ्याला २० फुटांची मर्यादा घातली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच मर्यादा कायम ठेवल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा निर्णय शासनावर सोपवला आणि १४ वर्षांखालील मुले सहभागी होणार नाहीत ही शासनाची हमी स्वीकारली. तीन वर्षे चाललेल्या या वादाच्या केंद्रस्थानी ‘किती उंच’ आणि ‘किती वयाचा’ हे दोन प्रश्न राहिले. ‘पडल्यास देणे कोणाचे’ हा तिसरा प्रश्न कधीच केंद्रस्थानी आला नाही.

१३/
त्या तिसऱ्या प्रश्नाचे मोल ऑगस्ट २०२५ मध्ये कळले. दहिसरमध्ये दहीहंडीच्या सरावात ११ वर्षांचा मुलगा थरावरून पडून मृत्युमुखी पडला. ज्या मुलाला थरावर चढण्याचीच मुभा नाही, त्याचे नाव गोविंदांच्या विम्याच्या यादीत असणे अपेक्षितच नाही. म्हणजे नियम मोडणाऱ्याने नियम मोडला आणि त्या मोडण्याची किंमत विमाछत्राबाहेर राहिलेल्या कुटुंबाने मोजली. वैयक्तिक अपघात विम्याची ही मूळ मर्यादा आहे. तो यादीतल्या नावाला मिळतो. ज्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला त्याच्या दायित्वाला तो स्पर्शही करत नाही. दायित्वाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न यादीचा नसतो, चूक कोणाची हा असतो.

१४/
मग गोविंदा हा आयोजकाचा कोण? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अर्थाने तो कामगार नाही. त्याला पगार नसतो. तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाही आणि घरचा पाहुणाही नाही. सकाळी जोगेश्वरीहून ट्रकमधून निघालेले पथक दुपारी घाटकोपरला असते, सायंकाळी मुलुंडला, रात्री ठाण्यात. एका दिवसात त्याचे अनेक यजमान होतात आणि जबाबदार मात्र कोणीच ठरत नाही. प्रत्येक आयोजकाला त्याचे थर हवे असतात, तेही काही मिनिटांपुरते. कायद्यातल्या कोणत्याही ठरावीक नात्यात न बसणारा हा माणूस आहे, आणि अशा माणसांची सोय लावण्याचा अनुभव कायद्याला मुळीच नवा नाही.

१५/
मोटारगाडीचे उदाहरण घ्या. गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिच्याखाली सापडणारा पादचारी मालकाचा कोणीच नव्हता. दावा जिंकूनही मालकाकडे पैसे नसत आणि जखमी माणूस रिकाम्या हाताने परते. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने गाडीमालकावर त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याची सक्ती केली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद झाली आणि ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. आजच्या १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच सांगते. स्वतःच्या गाडीचा विमा घ्या किंवा घेऊ नका, दुसऱ्याच्या जिवाचा विमा घ्यावाच लागेल. या सक्तीमुळे गाड्या बंद पडल्या नाहीत.

१६/
दुसरे उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या वायुकांडानंतर भरपाईसाठी लोकांना किती ताटकळावे लागते हे देशाने पाहिले. त्यानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आला. घातक रसायने हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाने आजूबाजूच्या लोकांसाठी विमा घेतलाच पाहिजे आणि तातडीचे साहाय्य देताना दोष सिद्ध होण्याची वाट पाहू नये, असे त्याने ठरवले. म्हणजे रस्त्यावरची गाडी आणि कारखान्यातले रसायन या दोन धोक्यांपुरते तत्त्व कायद्यात रुजले आहे. ज्याच्या उपक्रमातून धोका निर्माण होतो, त्या धोक्याचा हप्ता त्यानेच भरायचा. मोठ्या गर्दीच्या समारंभापर्यंत हे तत्त्व अद्याप पोहोचलेले नाही.

१७/
ते का पोहोचायला हवे हे मेरठने दाखवले. १० एप्रिल २००६ रोजी तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या ग्राहक प्रदर्शनाच्या मंडपाला आग लागली आणि ६५ माणसे दगावली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्यावर ४० टक्के निश्चित केली. तत्त्व स्पष्ट झाले, पण त्याला सोळा वर्षे लागली. मुंबईत कमला मिल आवारात डिसेंबर २०१७ च्या अखेरीस लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. त्या रात्री तिथे वाढदिवसाची मेजवानी चालली होती. सार्वजनिक मेळा असो वा खासगी मेजवानी, आलेला माणूस यजमानाच्या भरवशावर आत पाऊल टाकतो. त्या भरवशामागे आर्थिक तजवीज असावी की नसावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

१८/
विम्याचा दुसरा उपयोग भरपाईपेक्षाही मोठा आहे: तो प्रश्न विचारतो. १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या अग्निविमा कंपन्यांनी स्वतःची अग्निशमन पथके ठेवली होती; आग विझली तर पैसा वाचतो एवढे साधे गणित त्यामागे होते. दायित्वाचा विमा विकणारी कंपनीही विचारते: बाहेर पडण्याचे मार्ग किती, मंडपाची वीजजोडणी कोणी केली, परवाने आहेत काय, खाली गाद्या आहेत काय, दोरी आणि कमरपट्टा आहे काय. उत्तर असमाधानकारक असले तर हप्ता वाढतो किंवा नकार येतो. दर माणशी सरसकट ७५ रुपयांचा हप्ता यांतले काहीच विचारत नाही. चार थरांची गल्लीतली हंडी आणि दहा थरांची बक्षिसाची हंडी त्याला सारखीच दिसते.

१९/
यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो. विम्याची सक्ती केली तर लहान मंडळे बुडतील आणि सण फक्त श्रीमंतांचा उरेल, असे म्हटले जाते. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर सवलतीत आहे. बक्षीस नसलेली, मर्यादित थरांची, गल्लीतली हंडी किंवा सोसायटीतला कौटुंबिक समारंभ सक्तीतून वगळता येईल. तिथल्या गोविंदांसाठी शासनाची सामूहिक पॉलिसी आहेच. प्रश्न लाखोंची बक्षिसे, नामवंत कलाकार, भव्य रंगमंच आणि चित्रवाणीचे थेट प्रक्षेपण परवडणाऱ्यांचा आहे. ज्याला ध्वनियंत्रणेचे भाडे परवडते त्याला विम्याचा हप्ता परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही.

२०/
दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. विमा मिळाला की माणूस अधिक बेफिकीर होतो, म्हणून विम्याने थर आणखी वाढतील असे काही जण मानतात. या भीतीत तथ्य आहे, पण ती आजच्या व्यवस्थेला अधिक लागू पडते. हप्ता शासन भरते, भरपाई कंपनी देते, आणि ज्याने बक्षिसाचा आकडा वाढवला त्याला एक रुपयाचीही तोशीस पडत नाही. अशा स्थितीत थर वाढवण्यापासून त्याला परावृत्त करणारे काय आहे? आयोजकाचा हप्ता थरांच्या संख्येप्रमाणे वाढू लागला तर नवव्या थराची किंमत त्याला मंचावर घोषणा करण्यापूर्वीच कळेल.

२१/
तिसरा आक्षेप असा की संकटात राज्यानेच धावून जावे. मुंबईने याचेही उदाहरण पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, गोदी आणि लगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. सरकारने जबाबदारी स्वीकारली आणि भरपाईसाठी त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढला. पण ते युद्धसाहित्य सरकारी होते, आणि त्या आपत्तीचा भार उचलू शकेल असा दुसरा कोणी नव्हता. दहीहंडीची तारीख पंचांगात असते, जागा ठरलेली असते, आयोजकाचे नाव शहरभर लागलेले असते. इतक्या ठाऊक असलेल्या धोक्याचा पहिला विमेकरी राज्याने होणे म्हणजे आयोजकाचे देणे सार्वजनिक तिजोरीकडे वळवणे होय.

२२/
यावर तोडगा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. १९६० च्या दशकात मुंबईच्या बाजारांत हमाल आणि माथाडी यांची अवस्था आजच्या गोविंदासारखीच होती. सकाळी एका व्यापाऱ्याचे ओझे, दुपारी दुसऱ्याचे, आणि पाठ दुखावली तर कोणीच मालक नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा आला. एक मालक सापडत नसेल तर सर्व मालकांनी मिळून एका मंडळाकडे पैसे भरावेत, अशी त्याची रचना आहे. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत, भरपाई यांची सोय होते. अनेक मालक आणि एकही जबाबदार नाही, हा पेच महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वीच सोडवला आहे.

२३/
तोच विचार येथे लावता येतो. ठरावीक रकमेवरील प्रत्येक बक्षिसावर आयोजकाकडून लेव्ही घ्यावी आणि ती गोविंदांच्या निधीत जमा करावी. त्यातून उपचारांचा खर्च एक लाखाच्या पलीकडेही मिळावा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, सरावाच्या काळातल्या अपघातांसह. दुसरे, मोठ्या किंवा तिकीट लावलेल्या कोणत्याही समारंभाला, मग तो गरबा असो, हंडी असो वा नववर्षाची मेजवानी, पोलीस आणि महापालिकेची परवानगी देताना सार्वजनिक दायित्व विम्याची प्रत मागावी. अग्निशमन दलाच्या ना हरकत प्रमाणपत्राइतकाच तो कागद स्वाभाविक व्हावा. तिसरे, विम्याची रक्कम गर्दी आणि धोका यांच्या प्रमाणात ठरावी.

२४/
शासनाची पॉलिसी रद्द करावी असा याचा अर्थ नाही. दीड लाख तरुणांना काहीतरी संरक्षण मिळाले, ही कालपर्यंत नसलेली गोष्ट आहे आणि ती राहायला हवी. पण तिच्यावर समाधान मानले तर मूळ प्रश्न झाकला जाईल. विम्याच्या इतिहासात सक्ती नेहमी त्याच ठिकाणी आली आहे जिथे धोका एकाने निर्माण केला आणि तो दुसऱ्याच्या अंगावर पडला: रस्त्यावरच्या पादचाऱ्यासाठी, कारखान्याशेजारच्या वस्तीसाठी. उपनगरांतल्या मैदानांवर दरवर्षी अशीच परिस्थिती उभी राहते. पुढच्या गोकुळाष्टमीपूर्वी किती गोविंदांचा विमा उतरवला हा आकडा पुन्हा जाहीर होईल. त्या आकड्याबरोबर किती आयोजकांनी स्वतःच्या दायित्वाचा विमा घेतला, हाही आकडा मागितला गेला पाहिजे.